काँग्रेसमन म्हणतायत फूटपाथला पैसे आणले, मग काम सुरू का होत नाही?

गवतातली_वाट

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत राहतो, चार वर्षं झाली. प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या.

आमच्या अपार्टमेंटपासून ट्रेन स्टेशन पाऊण मैलसुद्धा नाही, पण मधल्या पट्ट्यात फूटपाथच नाहीये. लोक चालून चालून गवतात एक वाट पडलीये, शेताच्या बांधावर पडते ना तशीच. पावसात तिथं घोटाभर चिखल, आणि बर्फ पडला की प्लाउवाले रस्त्यावरचा सगळा बर्फ नेमका त्या वाटेवर ढकलतात, मग जानेवारी-फेब्रुवारीत माणसं सरळ गाड्यांच्या लेनमधून चालतात, सकाळी साडेसहाला, अंधारात. मागच्या हिवाळ्यात आई आली होती, तिला रोज थोडं चालायची सवय, एका सकाळी मी खिडकीतून बघितलं तर ती बर्फाच्या ढिगाला एका हाताने धरून उभी आणि बाजूने ट्रक चाललेत. त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये.

तर झालं असं की काही महिन्यांपूर्वी आमच्या काँग्रेसमनच्या, म्हणजे इथल्या खासदारांच्या, ऑफिसकडून घरी पत्रक आलं. त्यात आमच्या टाउनशिपचं, म्हणजे गावाचं, नाव, या रस्त्याचं नाव, फूटपाथ आणि क्रॉसिंगच्या कामासाठी फेडरल फंडिंग, आकडा दहा लाख डॉलरच्या वरचा. मी ते फ्रिजवर लावून ठेवलं. आईला फोन करून सांगितलं की पुढच्या वेळी येशील तेव्हा फूटपाथ असेल. आणि आता बघतोय तर एक खुंटीसुद्धा ठोकलेली नाही.

मला विचारायचंय ते असं. काँग्रेसमन पैसे "आणतात" म्हणजे नक्की काय करतात? पैसे खरंच येतात का? आले तर कुणाकडे येतात आणि कुठे अडकतात? आणि मी एच-वन-बी वर आहे, मत देता येत नाही, तर मी त्यांच्या ऑफिसला फोन करून विचारू शकतो का? की ते म्हणतील तुमचा काय संबंध?

पूल_आणि_पाया

तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. मी गेली बरीच वर्षं सिव्हिल डिझाइनमध्ये आहे, टाउनशिप आणि काउंटीची (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखी) फेडरल पैशातली कामं रोज करतो, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

तुम्ही म्हणताय तो प्रकार म्हणजे इअरमार्क, मेंबरने आपल्या भागातल्या ठरावीक कामाच्या नावाने बिलात टाकून घेतलेले पैसे. हाउसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहात, त्याला आता कम्युनिटी प्रोजेक्ट फंडिंग म्हणतात, सिनेटमध्ये काँग्रेशनली डायरेक्टेड स्पेंडिंग. २०११ पासून दहा वर्षं हे बंद होतं, २०२१ मध्ये परत सुरू केलं, पण नियम घट्ट करून. हाउसच्या प्रत्येक मेंबरला मोजक्याच मागण्या करता येतात, पहिल्या वर्षी १० होत्या, नंतर १५ केल्या. प्रत्येक मागणी स्वतःच्या वेबसाइटवर टाकावी लागते आणि सोबत लिहून द्यावं लागतं की यात माझा किंवा माझ्या घरच्यांचा आर्थिक फायदा नाही. खासगी नफ्याच्या कंपनीला देता येत नाही. म्हणजे तुमच्या काँग्रेसमननी त्या १५ पैकी एक जागा तुमच्या फूटपाथला दिली असेल तर ती छोटी गोष्ट नाही, कारण मतदारसंघातली प्रत्येक टाउनशिप, पोलीस खातं, हॉस्पिटल, पाणीपुरवठा, सगळे त्याच १५ साठी रांगेत असतात.

आता मुद्द्याचं. ते पत्रक अजून फ्रिजवर असेल तर परत वाचा आणि क्रियापद बघा. "रिक्वेस्टेड" लिहिलंय, की कमिटीने मंजूर केलं असं लिहिलंय, की कायद्यावर सही झाली असं लिहिलंय? या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि मध्ये महिनेच्या महिने जातात. मेंबर साधारण वसंतात मागणी देतात, मग ॲप्रोप्रिएशन्स कमिटीची (खर्चाची बिलं करणारी कमिटी) वाहतूक आणि गृहनिर्माणाची सबकमिटी त्यातल्या निवडते, मग पूर्ण कमिटी, मग हाउस, मग सिनेटशी तडजोड, मग सही. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं पण बिल वेळेत होत नाही, २०२४ चं बिल त्या वर्षी मार्चमध्ये सही झालं. आणि २०२५ चं तर वेगळंच झालं. कमिटीने यादी केली होती, गावागावांत घोषणा झाल्या होत्या, पण मार्च २०२५ मध्ये काँग्रेसने वर्षभराचं कंटिन्युइंग रिझोल्यूशन, म्हणजे साधारण आधीचाच खर्च पुढे चालू ठेवणारं बिल, केलं आणि त्यात एकही इअरमार्क नव्हता. सगळ्या देशातले गेले. आमच्या ऑफिसमध्ये दोन टाउनशिपची कामं त्यात होती, एकाचं तर सर्व्हे करायचं ठरलं होतं.

आणि समजा सही झाली, तरी चेक येत नाही. हे लोकांना कुणी सांगतच नाही. फेडरल हायवेचे पैसे परताव्याने मिळतात, म्हणजे आधी टाउनशिपने खर्च करायचा, बिलं द्यायची, मग राज्याच्या डीओटीमार्फत (वाहतूक खातं) पैसे परत. साधारण ८०-२० चा हिशेब असतो, समजा १० लाखांचं काम असेल तर ८ लाख फेडरल आणि २ लाख टाउनशिपने स्वतःच्या बजेटमधून उभे करायचे. ते २ लाख कौन्सिलने मंजूर केलेत का, हा पहिला प्रश्न विचारा.

दुसरं म्हणजे ऑथरायझेशन. प्रत्येक टप्प्याला, डिझाइन, जागा, बांधकाम, फेडरल हायवे खात्याची लेखी परवानगी आल्याशिवाय केलेला खर्च परत मिळत नाही. उत्साहाच्या भरात कुणी आधीच काम सुरू केलं तर ते पैसे बुडाले. त्यामुळे इंजिनिअर हात बांधून बसतो आणि बाहेरून दिसतं की कुणी काहीच करत नाहीये.

फूटपाथला पर्यावरणाचा मोठा अहवाल लागत नाही, ते काम सूट मिळणाऱ्या वर्गात बसतं, पण कागद तरी करावाच लागतो, ऐतिहासिक वास्तूंची तपासणीही त्यातच येते. खरा वेळ जातो जागेत. तुमच्या त्या पाऊण मैलात किती घरांची पुढची लॉन रस्त्याला लागून आहे बघा. प्रत्येकाकडून चार-पाच फुटांची पट्टी घ्यायची असेल तर प्रत्येकाचं वेगळं मूल्यांकन, वेगळी ऑफर, कायद्याप्रमाणे. एक घरमालक परदेशात असला तरी सहा महिने जातात. मग विजेचे खांब. खांब वीज कंपनीचा, तो हलवायला त्यांचं वेळापत्रक. मी एका कामात बघितलंय, फूटपाथ तयार आणि बरोबर मध्यावर एक खांब, व्हीलचेअर जाऊच शकत नाही, मग ते काँक्रीट परत फोडलं.

एवढं सगळं असूनही काम होतं. फक्त घोषणेपासून फावड्यापर्यंत दोन-तीन वर्षं लागली तर आम्ही त्याला उशीर म्हणत नाही.

हिशेब_चोख

वरची माहिती बरोबर आहे, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे. इअरमार्कचं एवढं कौतुक करू नये असं मला मनापासून वाटतं. २००५ च्या हायवे बिलात सहा हजारांवर इअरमार्क होते. त्यातलाच तो अलास्काचा पूल, केचिकनहून ग्रॅव्हिना बेटावर जाणारा, २२३ मिलियन डॉलर त्याच्या नावावर, बेटावर राहणारी माणसं पन्नासच्या आसपास. तेव्हा हाउसच्या ट्रान्सपोर्टेशन कमिटीचे अध्यक्ष डॉन यंग, ते स्वतः अलास्काचे. २००७ मध्ये राज्यानेच तो पूल सोडून दिला. म्हणजे ज्याच्या हातात कमिटी त्याच्या राज्याला पूल, आणि ज्याचा मेंबर नवीन किंवा कमजोर त्याच्या गावात माणसं बर्फातून चालणार. गरज किती आहे हे कोण मोजतं? १९८७ मध्ये रेगननी हायवे बिल याच कारणासाठी परत पाठवलं होतं, पण काँग्रेसने ते व्हेटो ओलांडून पास केलं, सिनेटमध्ये ६७ विरुद्ध ३३, एका मताने.

माझं म्हणणं एवढंच की फूटपाथ मिळायला ओळख लागू नये. गुण देऊन, अपघात मोजून, गरजेप्रमाणे पैसे वाटायची पद्धत असावी.

पूल_आणि_पाया

@हिशेब_चोख, तुमचा मुद्दा मी समजतो, पण दोन गोष्टी. एक, केचिकनचा विमानतळ त्याच ग्रॅव्हिना बेटावर आहे, लोकांना विमान पकडायला फेरीने जावं लागतं, म्हणजे गरज अगदीच शून्य नव्हती, आकडा प्रचंड होता हे मात्र खरं. दोन, आताच्या इअरमार्कना एकूण ऐच्छिक खर्चाच्या, म्हणजे काँग्रेस दरवर्षी बिलाने मंजूर करते त्या खर्चाच्या, एक टक्क्याची मर्यादा घातलेली होती. हायवेचा बहुतांश पैसा मेंबरच्या हातात नसतोच, तो फॉर्म्युल्याने राज्यांना जातो. पेट्रोलवर गॅलनमागे १८.४ सेंट फेडरल टॅक्स आहे, तो जवळजवळ सगळा हायवे ट्रस्ट फंडात, म्हणजे रस्त्यांसाठीच्या फेडरल निधीत, जातो, आणि तो आकडा १९९३ पासून हललेला नाही. रस्ते तेवढेच, काँक्रीट किती महाग झालं, आणि टॅक्स तिथेच. म्हणून बाकीची भर सरकारच्या तिजोरीतून घालावी लागते आणि म्हणूनच प्रत्येक बिलाच्या वेळी एवढी ओढाताण होते.

गुण देऊन पैसे वाटायची पद्धतही आहे. २०२१ च्या इन्फ्रास्ट्रक्चरच्या कायद्यात सेफ स्ट्रीट्स अँड रोड्स फॉर ऑल नावाची ग्रँट आली, पाच वर्षांत पाच बिलियन, त्याला टाउनशिप थेट अर्ज करू शकते. पण अर्ज लिहायला माणूस लागतो. मोठ्या शहराकडे ग्रँट लिहिणाऱ्यांची टीम, छोट्या टाउनशिपमध्ये एकच इंजिनिअर, तोच गटारं बघतो, तोच ग्रँट लिहितो. म्हणजे तिथेही जो कागदात हुशार त्याला पैसे. अशा वेळी मेंबरच्या ऑफिसने हात दिला तर छोट्या गावाला निदान दारात उभं राहता येतं.

चालती_फिरती

मी इंजिनिअर वगैरे नाही, पण आमच्या टाउनमध्ये शाळेजवळच्या क्रॉसिंगसाठी तीन वर्षं भांडले आहे, त्यातलं सांगते.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण मीही एच-फोर वर (नवऱ्याच्या एच-वन-बी मुळे मिळणारा व्हिसा) असताना हेच मनात धरून गप्प बसले होते आणि त्यात दोन वर्षं फुकट गेली. फोन करा. नक्की करा. काँग्रेसमन त्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे मतदारसंघात, राहणाऱ्या सगळ्यांचे प्रतिनिधी असतात, जनगणनेत तुम्हाला मोजूनच तो डिस्ट्रिक्ट आखलेला असतो. मला फोनवर पत्ता आणि झिप कोड विचारला, व्हिसा कुणी विचारला नाही. टाउनशिप कौन्सिलच्या मीटिंगमध्येही बोलता येतं, तिथे फक्त नाव आणि राहता कुठे एवढं सांगायचं. एकच गोष्ट करू नका, निवडणुकीच्या कॅम्पेनला देणगी देऊ नका. ग्रीन कार्ड नसताना ते बेकायदेशीर आहे, अगदी वीस डॉलरसुद्धा नाही. फंडरेझरचं आमंत्रण आलं तर नम्रपणे नाही म्हणा.

आता अनुभव. मी पहिल्यांदा कौन्सिलमध्ये बोलले तेव्हा तीन मिनिटं मिळाली, त्यातली दोन मी थँक यू म्हणण्यात आणि थरथरण्यात घालवली. दुसऱ्या वेळी एक कागद नेला. एका मैत्रिणीसोबत सलग पाच दिवस सकाळी साडेसात ते साडेआठ क्रॉसिंगवर उभं राहून मोजलं होतं, किती मुलं ओलांडतात, किती गाड्या थांबतात, किती थांबत नाहीत. हातात पेन्सिल, वहीत रेघा, बोटं गारठलेली. तो कागद दिल्यावर इंजिनिअरनी मान वर केली. तोपर्यंत आम्ही "खूप धोका आहे हो" एवढंच म्हणत होतो आणि तसं तर प्रत्येक जण म्हणतो.

मग मला कळलं की आधी यादीत नाव लागतं. उत्तर आणि मध्य जर्सीच्या १३ काउंट्यांसाठी नॉर्थ जर्सी ट्रान्सपोर्टेशन प्लॅनिंग अथॉरिटी आहे. त्यांची एक यादी असते, टिप म्हणतात, पुढच्या काही वर्षांत कुठल्या कामाला फेडरल पैसा लावायचा ती. अशी संस्था देशभर प्रत्येक ५०,००० वर वस्तीच्या शहरी भागात असते. त्या यादीचा मसुदा लोकांसमोर ठेवतात आणि सूचना मागवतात, आणि आपण देशी लोक तिकडे फिरकतही नाही. मी ऑनलाइन मीटिंगला बसले तर बोलायला आलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यातली एक मी.

काँग्रेसमनच्या ऑफिसने आम्हाला जी मदत केली ती पैशाची नव्हतीच खरं तर. त्यांच्या स्थानिक ऑफिसातल्या एका मुलीने टाउन, काउंटी आणि राज्य या तिघांना एका कॉलवर बसवलं, कारण रस्ता काउंटीचा, सिग्नल राज्याचा आणि फूटपाथ टाउनचा, आणि तोपर्यंत प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. त्या एका कॉलमध्ये जे ठरलं ते तीन वर्षांच्या ईमेलांनी ठरलं नव्हतं. त्यामुळे मेंबरची मेहनत म्हणजे फक्त आकडा असं मला वाटत नाही.

तुमचा रस्ता कुणाचा आहे ते आधी शोधा, गवतातली_वाट. काउंटीचा असेल तर टाउनशिपकडे कितीही चकरा मारल्या तरी उपयोग नाही.

जुना_जर्सीकर

सगळ्यांनी छान लिहिलंय. मी ९८ पासून ट्रेनने न्यूयॉर्कला जातोय, त्यामुळे एक मोठं उदाहरण देतो, म्हणजे "पैसे आले" या शब्दाचा अर्थ कळेल.

हडसन नदीखालचे न्यूयॉर्कला जाणारे रेल्वेचे बोगदे १९१० चे. त्यांच्या जोडीला नवे बोगदे खणायचं काम माझ्या डोळ्यांसमोर एकदा सुरू होऊन बंद पडलंय. फेडरल पैसा ठरलेला होता, खोदाईची सुरुवात झाली होती, आणि २०१० मध्ये गव्हर्नर ख्रिस्टींनी राज्यावर किती बोजा पडेल हे कारण देऊन ते रद्द केलं. दोनच वर्षांनी सँडी वादळ आलं आणि जुन्या बोगद्यांत खारं पाणी भरलं, ते मीठ आजही आतलं काँक्रीट आणि केबल खातंय. मग नव्या नावाने तेच काम परत, गेटवे. किंमत १६ बिलियनच्या घरात, २०२४ च्या जुलैमध्ये ६.८८ बिलियनच्या फेडरल ग्रँटच्या करारावर सही झाली, न्यूयॉर्कचे सिनेटर शूमर आणि जर्सीचे लोक कित्येक वर्षं त्यामागे लागले होते. आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनने त्याच पैशावर हात ठेवला, थांबवले. करार झाल्यावर! त्या संध्याकाळी ट्रेनमध्ये शेजारी बसलेला माणूस फोनवर बातमी वाचून नुसता खिडकीबाहेर बघत बसला होता, मीही तसाच.

हॅकेन्सॅक नदीवरचा पोर्टल ब्रिज पण १९१० चाच, बोट आली की फिरून उघडायचा आणि कधी कधी परत नीट बसायचाच नाही, मग माणसं घण घेऊन रूळ जागेवर बसवायची आणि मागे सगळ्या गाड्या उभ्या. त्यात मी किती संध्याकाळी अडकलो ते मोजलेलं नाही, मुलीचं एक गॅदरिंग तेवढं चुकलं ते लक्षात आहे. त्या पुलाच्या जागी नव्या पुलासाठी फेडरल करार जानेवारी २०२१ मध्ये झाला, आणि तो पूल उभा राहिलेला मी ट्रेनच्या खिडकीतून एक एक कमान करत बघितलाय. तेव्हा होतं काम. पण वॉशिंग्टन, ट्रेंटन (म्हणजे राज्य सरकार) आणि गाव, तिघांनी एकाच वेळी धरून ठेवलं तरच होतं, एकाने हात सोडला की संपलं.

गवतातली_वाट

सगळ्यांचे खूप आभार. एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. दोन आठवड्यांत जे केलं ते लिहितो.

पत्रक काढून परत वाचलं. आधी मी नुसता आकडा वाचला होता. खाली लिहिलंय की कमिटीने मंजूर केलं. आणि वर्ष २०२५ चं. म्हणजे पूल_आणि_पाया म्हणाले तेच, ते पैसे आलेच नाहीत, सगळ्यांच्या सोबत आमचेही गेले. वाचून पाच मिनिटं काही सुचलं नाही. आईला सांगून बसलोय ना.

मग चालती_फिरती ताईंचं वाचून धीर करून फोन लावला. काँग्रेसमनच्या स्थानिक ऑफिसातल्या बाईंनी खरंच फक्त पत्ता विचारला. त्यांनी सरळ सांगितलं की हो, तेव्हाचं गेलं, टाउनशिपने परत अर्ज केला आहे आणि आम्ही तो परत पुढे पाठवला आहे, पण या वेळी शब्द देणार नाही. मला ते सरळ बोलणं आवडलं. त्यांनीच टाउनशिप इंजिनिअरचा नंबर दिला.

इंजिनिअर म्हणाले रस्ता काउंटीचा आहे. म्हणजे टाउनशिपने अर्ज केलाय पण काउंटीची संमती हवी, आणि मधल्या घरांपैकी काहींची जागा लागणार. वीस टक्क्यांचं विचारलं तर म्हणाले ठराव अजून कौन्सिलपुढे यायचाय, पुढच्या महिन्यात येईल. मी विचारलं लोक मोजून कागद आणला तर उपयोग होईल का, तर म्हणाले आणाच, अर्जात जोडायला आमच्याकडे गाड्यांचे आकडे आहेत, चालणाऱ्यांचे नाहीत.

तर या सोमवारपासून आम्ही मोजतोय. आमच्या बिल्डिंगमधले चौघं जण आहेत, एक गुजराती काका, दोघं तेलुगू मुलं आणि मी. पहिल्या दिवशी सकाळी सहा ते आठ त्या गवताच्या वाटेवरून ११२ माणसं गेली. त्यात एक बाई स्ट्रोलर घेऊन, चाकं चिखलात रुतल्यावर ती स्ट्रोलर उचलूनच चालत गेली. तेही वहीत लिहून ठेवलंय, वेळेसकट.

एक प्रश्न राहिला. कौन्सिलमध्ये ठरावाच्या दिवशी बोलायचं की आधीच्या मीटिंगला?

चालती_फिरती

दोन्हीला. आधीच्या मीटिंगला कागद द्या, ठरावाच्या दिवशी माणसं आणा. आणि त्या स्ट्रोलरवाल्या बाईंना विचारा येतील का, त्यांनी एक मिनिट बोललं तरी पुरेल. शनिवारी पण मोजा, कारण कुणीतरी नक्की म्हणेल की हे फक्त ऑफिसला जाणारे लोक आहेत.

पूल_आणि_पाया

आणि मोजणीच्या कागदावर तारीख, वार, हवामान आणि मोजणाऱ्याची सही टाका, आम्ही सर्व्हेला तेच करतो. वाटेची रुंदी टेपने मोजून फोटो काढा, टेप फोटोत दिसली पाहिजे. खांब किती आणि रस्त्याच्या कडेपासून किती फुटांवर तेही लिहा. ते इंजिनिअरला द्या, त्याची एक फेरी वाचेल.

गवतातली_वाट

शनिवारी टेप घेऊन जातोय. खांब वरवर मोजले, १७ आहेत.